कुंडीची पश्चिम बाजू: नाशिकच्या उन्हाळ्यात गच्चीवरची झाडं जगवताना

अनंताचं झाड गेलं, तेव्हा मी ते कुंडीतून काढून गच्चीवर आडवं ठेवलं आणि मातीचा गड्डा हाताने फोडत बसले. एप्रिल संपत आला होता. गड्ड्याच्या पूर्वेकडच्या बाजूला थोडी पांढरी, ओलसर मुळं अजून होती. पश्चिमेकडची सगळी तपकिरी, चिमटीत धरली की भुगा. आणि तळाची मुळं काळी पडून कुजलेली. पाण्यात मी कसूर केली नव्हती. सकाळ-संध्याकाळ घालत होते आणि दुपारी तीनला पानं मलूल दिसली की धावत जाऊन तिसऱ्यांदाही घालत होते.

दिंडोरीकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, पानाकडं बघून पाणी देऊ नको. माती उकरून बघ. दुपारच्याला पान मान टाकतंच, संध्याकाळी आपलं आपण उभं राहतं. तू उकडत्या मुळांवर पाणी ओतत होतीस."

त्या एका वाक्याने माझी गच्ची सुधारली. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल गेली की गारव्यात असतात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. त्याच्या मुळांना वरून ऊन लागतं, बाजूने लागतं आणि खालून स्लॅबची झळ लागते. मातीचं तापमान चाळिशीच्या पुढे गेलं की बहुतेक झाडांची मुळं पाणी ओढायचं कमी करतात, आणि कुंडीच्या कडेला चिकटलेली बारीक मुळं तर भाजूनच जातात. म्हणजे माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं. म्हणून उन्हाळ्यात आधी कुंडी गार ठेवायची आणि मग पाण्याचा विचार करायचा. यंदा पहिल्यांदाच कुंड्या लावल्या असतील, तर खालची कामंही याच क्रमाने करा.

आधी कुंड्या हलवा

दुपारी चारला गच्चीवर जा आणि प्रत्येक कुंडीच्या पश्चिम बाजूला तळहात टेकवा. जिथून हात पटकन मागे घ्यावासा वाटेल, तिथली मुळं भाजताहेत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि रंगाचे रिकामे डबे सगळ्यात जास्त तापतात. मातीची कुंडी माठासारखी असते. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे ती गार राहते, पण त्याच कारणाने तिच्यातली माती लवकर सुकते. कापडी ग्रो बॅगचंही तसंच, ती तर फार लवकर कोरडी पडते. यातलं काहीही टाकून द्यायची गरज नाही. कुठली कुंडी कशी वागते ते ओळखून तिची जागा ठरवायची.

कुंड्या सुट्या सुट्या ठेवू नका, एकमेकींना खेटून ठेवा. पश्चिमेला सगळ्यात मोठ्या आणि उन्हाला दाद न देणाऱ्या झाडांची रांग लावा: कढीपत्ता, बोगनवेल, अडेनियम, लिंबू. त्यांच्या आड जास्वंद आणि गुलाब, आणि सगळ्यात आत लहान कुंड्या, पालेभाज्यांचे ट्रे, नाजूक रोपं. खेटून ठेवल्या की एका कुंडीची सावली दुसरीच्या अंगावर पडते आणि पानांतून बाहेर पडणारा ओलावा तिथेच थोडा रेंगाळतो. मार्च-एप्रिलमध्ये नाशकातली हवा अगदी कोरडी असते, त्यामुळे एवढ्यानेही फरक पडतो.

पश्चिमेच्या रांगेला बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा. काळ्या कुंडीला बाहेरून पांढरा चुना मारला तरी चालतो. ज्या झाडात तुमचा जीव अडकलाय त्याला कुंडीत कुंडी करा: लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवायची आणि मधली फट नारळाच्या शेंड्यांनी किंवा वाळूने भरून ती ओली ठेवायची. माझा दुसरा अनंत असाच जगला आहे.

खाली विटा लावा. प्रत्येक कुंडी स्लॅबपासून तीन-चार इंच वर हवी. खालून वारा खेळतो, स्लॅबची झळ बसत नाही आणि पाणी साचून गच्ची गळायची भीती कमी होते. सोसायटीत राहत असाल तर हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या मातीला वजन फार असतं, म्हणून मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीकडेला, बीमच्या रेषेत ठेवा.

रंगपंचमी झाली की सावली

आपल्याकडे रंग रंगपंचमीला खेळतात, रहाडी म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद त्याच दिवशी उघडतात. माझं शेडनेटही त्याच सुमारास चढतं. त्याआधी बांधलं तर फुलझाडांना ऊन कमी पडतं आणि गुढीपाडव्यानंतर बांधलं तर उशीर झालेला असतो. भाज्या आणि फुलझाडांसाठी 50 टक्के सावलीचं हिरवं शेडनेट पुरतं. फर्न, मनीप्लांट, ॲग्लोनिमा यांना 75 टक्के चालेल, पण त्यांना बाल्कनीच्या आत आणणंच सोपं. नेट झाडांच्या डोक्यावर टेकवू नका, निदान सात फुटांवर बांधा. खाली टेकलं तर कोंदट गरम हवा तिथेच अडकते. छतापेक्षाही पश्चिमेची बाजू झाकणं जास्त गरजेचं आहे. नेट थोडंच असेल तर ते पश्चिमेला उभं लावा.

नेट आणायला जमलं नाही तर जुनी सुती साडी घ्या. दोन पदरी, दोरीवर वाळत घातल्यासारखी. मी पहिली दोन वर्षं तेच केलं.

मोगऱ्याला मात्र सावलीत घेऊ नका. मोगरा उन्हाचा आहे. त्याला पाणी भरपूर द्या, कुंडीला गोणपाट बांधा आणि डोक्यावर ऊन राहू द्या. सावलीत नेलेला मोगरा हिरवागार दिसतो आणि कळी धरत नाही. सदाफुली, झिनिया, ऑफिस टाइम यांनाही ऊनच हवं.

रसवंतीचं चिपाड

माती उन्हापासून झाकायला तिच्यावर आच्छादन अंथरायचं, त्याला विकतचं काही लागत नाही. मार्चपासून शहरात चौकाचौकात रसवंत्या लागतात आणि रात्री त्यांच्याकडे ऊस पिळून उरलेल्या चिपाडाचा ढीग पडलेला असतो. मागितलं तर आनंदाने देतात. पण ते तसंच आणून कुंडीत टाकू नका, गोडीमुळे मुंग्यांची रांग लागते आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण येतो. घरी आणून बादलीत रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि कात्रीने बोटभर तुकडे करा. कुंडीत दोन इंचांचा थर द्या, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडून. खोडाला ओलं आच्छादन चिकटलं तर साल कुजते.

चिपाड नसेल तर वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, भाताचं तूस, काहीही चालेल. घोटी-इगतपुरीकडे कुणी ओळखीचं असेल तर तूस पोत्याने मिळतं. फक्त ते हलकं असल्याने वाऱ्याने उडतं, वरून थोडा पाचोळा टाका. पांढरे गोटे दिसायला छान, पण उन्हात तापतात, ते पावसाळ्यासाठी राहू द्या.

मामांच्या बागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तेव्हा वेलीवर पान नसतं आणि ऊन थेट बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या उंच वरंब्यावर पडतं, म्हणून ते बोदावर उसाचं पाचट अंथरतात. बारा इंची कुंडीतही आपण तेच करतोय. आच्छादन घातल्यावर एकदा सकाळी पाणी देऊन दुपारी हात आत घालून बघा. खालची माती गार लागली पाहिजे.

पाणी: वाफसा बघून

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तीच स्थिती कुंडीत हवी: माती ओलसर आहे, हाताला गार लागते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो. चिखल नको, धूळ नको. हे कळायला एकच साधन, आपलं बोट. आच्छादन बाजूला करून दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर पान कितीही मलूल दिसो, देऊ नका. संध्याकाळी सहाला परत बघा. तोवर झाड सावरलं असेल तर त्याला फक्त ऊन लागलं होतं. सकाळी सातलाही मान टाकलेलीच असेल तर मात्र काहीतरी गंभीर आहे: एक तर तहान, नाही तर मूळकूज. बोट घातलं की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

मुख्य पाणी सकाळी, आठच्या आत. मे महिन्यात लहान कुंड्यांना आणि मातीच्या कुंड्यांना संध्याकाळी साडेसहानंतर दुसऱ्यांदा. भर दुपारी पाणी देऊ नका. त्यापेक्षा ती कुंडी उचलून सावलीत न्या.

पाणी घालण्याचीही रीत आहे. एकदम तांब्याभर ओतलं तर ते तापून आक्रसलेल्या मातीच्या कडेने सरळ खाली जातं, भोकातून वाहतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. आधी थोडं घाला, सगळ्या कुंड्यांवरून फिरून या, दहा मिनिटांनी परत या आणि मग तळातून दोन-चार थेंब येईपर्यंत सावकाश घाला. माझ्या बारा इंची कुंडीतल्या जास्वंदीला मे महिन्यात दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, आठ इंची कुंडीतल्या तुळशीला अर्धा-पाऊण. तुमच्या मातीप्रमाणे हे बदलेल. काळी माती जास्त असेल तर कमी लागेल, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर वारंवार लागेल.

कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी घेतच नाही, वरचं वर सोडून देतं. कुंडी उचलल्यावर पिसासारखी हलकी लागली तर असं झालंय हे समजा. बादलीत पाणी घेऊन कुंडी तीन-चतुर्थांश बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि सावलीत निथळू द्या.

नळी लावत असाल तर पहिलं पाणी झाडावर सोडू नका. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं गरम असतं. ते बादलीत घ्या, हात बुडवून बघा आणि गार पाणी यायला लागलं की झाडांकडे वळा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचंही संध्याकाळी तेच होतं. मी रात्री दोन बादल्या भरून ठेवते, आणि रात्री गारवा पडतो हे आपलं नाशिककरांचं नशीब. सकाळी ते पाणी छान गार असतं.

गंगापूर धरणातला साठा खाली गेला की शहरात पाणीकपातीचं बोलणं सुरू होतं आणि झाडांना नळाचं पाणी घालताना मनाला लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा आणि त्याच दिवशी वापरा, शिळं झालं की वास मारतं. एसीचं पाणी चालतं. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र रोज एकट्याने घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, आणि बोअरचं पाणी असेल तर आणखीच. मातीवर पांढरा थर दिसायला लागला, पानांच्या कडा करपल्या, तर तो क्षारांचा त्रास आहे. असं आढळलं तर एखाद्या दिवशी कुंडीतून गोडं पाणी भरपूर वाहू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातात.

कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. डास एवढ्याशा पाण्यातही होतात.

संक्रांतीचं सुगड

ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. संक्रांतीला वाणासाठी आणलेली सुगडं नंतर घरात कुठे तरी पडून राहतात. ती टाकू नका. रंग न दिलेलं सुगड घ्या, पाण्याने भरा आणि रात्रभर फरशीवर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं आणि खाली ओला गोल उमटला, की ते कामाचं. ते पाझरतंय.

मोठ्या कुंडीत, खोडापासून चार-पाच बोटं दूर, सुगड गळ्यापर्यंत पुरा. तोंड मातीच्या वर एक बोट राहू द्या. पाण्याने भरा आणि वर पणती उपडी ठेवा, म्हणजे पाणी उडत नाही आणि डास शिरत नाहीत. आजूबाजूची माती सुकत जाईल तसतसं सुगड आपल्या अंगातून पाणी सोडतं. माती ओली असेल तर जवळजवळ सोडतच नाही. पहिल्या आठवड्यात वरून नेहमीसारखं पाणी चालू ठेवा, मुळांना सुगडाकडे वळायला वेळ लागतो. मी मागच्या वर्षी जूनमध्ये एक सुगड उपसलं, तर त्याच्या अंगाला पांढऱ्या मुळांचं जाळं इतकं घट्ट बसलं होतं की मडकं दिसत नव्हतं. वांग्याचं झाड होतं ते.

सुगड संपली असतील तर जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात लहान मडकी मिळतात. रोप लावतानाच मडकं पुरा. वाढलेल्या झाडाच्या कुंडीत खड्डा घेताना मुळं तुटतात आणि मे महिन्यात झाडाला ते सोसत नाही.

काय करायचं नाही

एप्रिल-मे मध्ये कुंडी बदलू नका. जोरदार छाटणी करू नका, वाळलेली काडी आणि सुकलेली फुलं तेवढी काढा. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहा, नाहीतर सगळा जोर बियांत जातो. रासायनिक खत कोरड्या मातीत कधीच टाकू नका, मुळं जळतात. 19:19:19 सारखं विरघळणारं खत द्यायचंच असेल तर अर्ध्या मात्रेने, आधी पाणी देऊन, सकाळी. खरं तर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आच्छादनाखाली सरकवलं तरी पुरे. उन्हाळ्यात झाड तग धरतंय, त्याच्याकडून वाढीची अपेक्षा करू नका.

मेथी, कोथिंबीर, पालक उन्हात पटकन फुलोऱ्यावर येतात. हौस असेल तर पसरट ट्रेमध्ये, पूर्ण सावलीत लावा. त्यापेक्षा भेंडी, गवार, चवळी, माठ, अंबाडी लावा. ती आपल्या उन्हाला सरावलेली आहेत.

पानाची खालची बाजू

कोरड्या उन्हात लाल कोळी फार वाढतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढे पिवळे ठिपके दिसले, पान निस्तेज झालं, तर ते उलटून बघा. बारीक जाळं आणि हलणारे लाल कण दिसतील. याला पहिलं औषध पाणीच: सकाळी पानाच्या खालच्या बाजूवर जोरात फवारा, सलग चार-पाच दिवस. भागलं नाही तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पान भाजतं. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या दातघासणीने खरवडा, मग तेच तेल फवारा.

गच्चीवर एक पसरट मातीचं भांडं पाण्याने भरून ठेवा. बुलबुल आणि चिमण्या येतात. तहानलेले पक्षी कोवळे शेंडे तोडतात, पाणी मिळालं की ते बरंच कमी होतं.

गावाला जाताना

चार दिवसांसाठी: सगळ्या कुंड्या सावलीत, भिंतीच्या पूर्व बाजूला, अगदी खेटून. सुगडं भरलेली. लहान कुंड्यांसाठी पाण्याची बादली विटांवर उंच ठेवा आणि जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या पिळून दोऱ्या करा. दोरी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीतल्या मातीत तीन इंच खोचा. बादलीवर झाकण हवं. हा सगळा प्रयोग निघायच्या चार दिवस आधी लावून बघा, निघायच्या दिवशी नाही. आठवड्याहून जास्त जाणार असाल तर शेजारच्या काकूंना सांगणं हाच खात्रीचा उपाय. सांगताना "पाणी घाला" एवढंच म्हणू नका. कुठल्या कुंडीला किती तांबे, ते कुंडीवर खडूने लिहून ठेवा.

वळीव आला की

मे महिन्यात संध्याकाळी वारा सुटतो आणि कधी वळिवाबरोबर गाराही येतात. शेडनेटच्या गाठी दर आठवड्याला ओढून बघा, सुटलेलं नेट झाडांना फटके मारून मोडतं. गारांच्या दिवसांत नेट हीच झाडांची ढाल आहे, म्हणून एक-दोन सरी पडल्या म्हणून ते काढू नका. वळिवानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच ऊन पडतं. पाणीही सवयीने देऊ नका, बोट घालून बघा.

मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की नेट उतरवा, पण ढगाळ दिवशी. सावलीतून एकदम उन्हात आलेलं पान करपतं. गोणपाटं सोडून वाळवा, आच्छादनाचा कुजलेला थर मातीत मिसळा आणि कुंड्या पुन्हा सुट्या करा, आता त्यांना वारा हवा. सुगडं उपसून घ्या, आतून काथ्याने घासा, वाळवा आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी माळ्यावर ठेवा.